निम्मा आंकडा

आमच्या इन्सुलीचे म्हातारे बांबोळीच्या इस्पितळांतून परतले, कीं रक्ततपासणीचा कागद उलगडून "आंकडा उतरला" असें समाधानानें सांगतात. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, बाबतींत तें समाधान कित्येकदां फसवें ठरतें.

१९७४ सालीं ज्यूलियन इम्परॅटो-मॅकगिन्ली या विदुषीनें डोमिनिकन प्रजासत्ताकांतील सालिनास खेड्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथें मुलगी म्हणून वाढविलेलीं कांहीं मुलें वयांत येतांना पुरुष ठरत. टेस्टोस्टेरॉनला अधिक प्रबळ रूप देणारें एक एन्झाइम त्यांच्यांत उणें होतें. म्हणून त्यांची ही ग्रंथी जन्मभर लहानच राही. निसर्गाच्या चुकीवरून माणसानें औषध शोधावें, हें नवलच! मर्क कंपनीच्या संशोधकांनीं तेंच एन्झाइम अडविणारें फिनास्टेराइड बनविलें, व १९९२ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. ग्रंथी आकसते, लघवीचा अडथळा कमी होतो.

परंतु कर्करोग हुडकण्यास उपयोगी पडणारा पी.एस.ए.चा आंकडाहि त्याबरोबर सहा महिन्यांपासून वर्षभरांत सुमारें निम्म्यावर येतो. २ दिसला, तर ४ समजावा. गोळी नेमानें चालू असतां उतरलेला आंकडा पुन्हा चढूं लागला, तर वाढ थोडकी असली तरी डॉक्टरांस दाखवावी.

२००३ सालीं १८,८८२ पुरुषांवरील चाचणीचा निष्कर्ष आला: कर्करोग चतुर्थांशानें घटले, पण उग्र जातीचे किंचित् अधिक आढळले. आकसलेल्या ग्रंथींत ते सुईला सहज सांपडतात, हें त्याचें एक कारण मानतात.

टकलावर हीच गोळी अल्प मात्रेंत घेणाऱ्या चिरंजीवांनींहि तपासणीपूर्वीं तसें सांगावें. त्यांचाहि आंकडा उतरतो.