कान्हाची कुरणे

मंडळी, गोंदियाहून बालाघाट, बैहर करीत पुढे गेले की कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की दार लागते. हा मुलूख मध्यप्रदेशात मोडतो. पण १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपुराहून चाले. तेव्हा हे रान आपल्याला अगदीच परके नाही.

आत शिरावे तो सालवृक्षांची दाट झाडी. मग एकाएकी झाडी सरते नि समोर गवताचे मैदान पसरते. पाहणाऱ्याला वाटते, हे निसर्गानेच असे मांडून ठेवले असेल. डोंगरमाथ्यावरच्या माळांना तिकडे ‘दादर’ म्हणतात, ते तसे आहेतही. पण खालची बरीच कुरणे म्हणजे उठून गेलेल्या गावांची शेते! तिथे गोंड आणि बैगा राहत. धरणीमातेवर नांगर चालवू नये, ही बैगांची जुनी श्रद्धा. झाडे तोडून जाळायची आणि राखेत बी फेकायचे, ही त्यांची ‘बेवर’ शेती. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली नि बेवरीवर बंधने आली.

१९३३ साली इथे अभयारण्य झाले, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान. तरी बारशिंगा घटतच गेला. १९७० साली उरले अवघे ६६! कडक जमिनीवर वावरणारी ही जात दुसरीकडे कुठे शिल्लक नव्हती. बारशिंगा जगतो तो बहुतेक गवतावर, आणि पाडस लपवायला मादीला गवत उंच लागते. गुरांनी चरलेल्या रानात ते कुठून मिळणार?

त्याच सुमारास सौंफ नावाचे गाव बाहेर हलवले. पडीक शेतांत गवत माजले, आणि बारशिंग्याची मादी तिथे विऊ लागली. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आला, आणखी गावे उठली. कळप इतके वाढले की २०१५ पासून काही जनावरे सातपुड्याच्या रानात पाठवता आली.

घर, शेत, देवाचे ठाण मागे टाकून निघणे सोपे का असते? शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना कान्हाला न्याल तेव्हा वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. कुरणाच्या कडेला घटकाभर थांबा नि त्यांना सांगा, की बारशिंगा कायद्याने वाचवला, वनरक्षकांनी वाचवला, आणि ज्यांनी ही जमीन सोडली त्यांनीही वाचवला. हा तिसरा वाटा हिशेबातून गळता कामा नये.