कोरड्या हवेतली निसर्गचित्रं

मराठी निसर्गचित्रांचा इतिहास नकाशावर मांडला, तर तो बराचसा पावसाच्या नकाशासारखा दिसेल. घाट, कोकण, मुंबईचे ओले रस्ते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. स्कूलमध्ये शिकून घरी परतले आणि १९३१ साली वारले, तोवर कोटितीर्थाच्या, रंकाळ्याच्या काठावरचा प्रकाश रंगवत राहिले. पाणी होतं, म्हणून प्रतिबिंब होतं. आमच्या सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरात त्याच्या दहापट.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. मकबूल फिदा हुसेन तिथे १९१५ साली जन्मले. पण लहानपणीच ते वडिलांबरोबर इंदूरला गेले आणि उघड्यावर चित्रं काढायला लागले ते तिथे. त्या शहरात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रकलेची शाळा उभी केली होती. नारायण श्रीधर बेंद्रे तिथलेच विद्यार्थी. मास्तर मराठी, विद्यार्थी मराठी, प्रकाश मात्र माळव्याचा.

सोलापूर मागे का पडलं? शाळा, आश्रयदाते, बाजार ही कारणं आहेतच. मला हवेचंही एक कारण दिसतं. पारदर्शक जलरंगाची रीत इंग्लंडच्या दमट हवेत बहरली: कागद ओला ठेवायचा, रंगात रंग उतरू द्यायचा. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँडने रंगाच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि चित्रकारांना बाहेर पडणं सोपं झालं. ट्यूब जगभर पोचली. इंग्लंडची हवा काही तिच्यात भरता आली नाही.

इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. आकाशाचा वॉश खाली उतरेपर्यंत वरचा भाग वाळतो आणि नको तिथे कड उमटते. यावर उपाय आहेत: पहाटे बसायचं, कागद मागूनही भिजवायचा, पाण्यात ग्लिसरिनचा थेंब टाकायचा. मला मात्र ती कड तशीच राहू द्यावीशी वाटते. नान्नजच्या माळावरचं गवत, भेगाळलेली काळी जमीन, दुपारी पांढरं पडलेलं आकाश यांत मऊ काही नसतंच. जवळजवळ कोरड्या ब्रशचा खरखरीत फटकारा तिथे कितीतरी खरा वाटतो.

ओल्या कागदाचाच हट्ट असेल, तर सप्टेंबरपर्यंत थांबावं. तो इथला सर्वांत पावसाचा महिना. तेव्हा सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलं, तर वॉश जरा निवांत पसरतो.