आमटी-भाताची फारकत

वजन उतरवायचे असेल तर आमटी आणि भात एका ताटात येऊ देऊ नयेत, असा उपदेश हल्ली लालबाग-परळातही ऐकू येतो. भात भाजीबरोबर खावा. डाळ, अंडी, मासळी भाताविना. फळे स्वतंत्र वेळी. या पंथाचा पुरस्कर्ता विल्यम हॉवर्ड हे नावाचा अमेरिकन डॉक्टर (१८६६–१९४०). पिष्टमय पदार्थ पचविण्यास अल्क लागतो, प्रथिनांस आम्ल. दोन्ही एकत्र गेली की पचन बिघडते, असे त्याचे म्हणणे. स्वतःचा आजार व लठ्ठपणा त्याने आहार बदलून घालविला होता. साहजिकच लोकांनी त्याचे ऐकले.

आपल्याकडे लगेच चरकाचा हवाला दिला जातो. चरकसंहितेत विरुद्ध आहार सांगितला आहे, हे खरे. दूध आणि मासे, समप्रमाणात मध आणि तूप, हे संयोग तेथे वर्ज्य आहेत. परंतु बिचाऱ्या वरणभाताचे नाव त्या यादीत नाही.

आता गिरणगावाचे ताट पाहा. १९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या जमाखर्चाविषयी फिंडले शिरास यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निष्कर्ष असा की, दुष्काळी कायद्यात कमाल म्हणून जेवढे धान्य ठरविले आहे तेवढे कामगार खातो. पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जो शिधा दिला आहे, त्याहून त्याचा आहार कमी पडतो. हे सरकारी कागद म्हणतो, युनियनचे पत्रक नव्हे! कोकणातून, साताऱ्याकडून आलेला एकटा गडी खानावळीत जेवे. भात पुष्कळ, आमटी पातळ, मासळी-मटण एखाद्या वारी. त्या खानावळी चालविणाऱ्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. या बायांनी प्रथिनांचे पुस्तक वाचले नव्हते. तरीही तांदळात लायसिन हा जो घटक कमी असतो तो डाळ पुरविते, आणि डाळीतली मेथिओनिनची उणीव तांदूळ भरून काढतो. मांस न परवडणाऱ्याची ताकद या जोडीवरच उभी असते.

शिवाय फारकत करायची ती कोठे? तुरीच्या डाळीतच पिष्ट आणि प्रथिन दोन्ही आहेत, आणि पिष्ट दुपटीहून अधिक. आईच्या दुधातही साखर, प्रथिन व स्निग्धांश एकत्रच असतात. लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस उतरतो, त्यात या तिन्हींचे पाचक असतात.

या पथ्याची परीक्षाही झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्विस प्रयोगात ५४ लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे रोज ११०० कॅलरींचे अन्न दिले. काहींना वेगवेगळे, काहींना मिसळलेले. वेगळे खाणाऱ्यांचे सरासरी ६.२ किलो उतरले, मिसळून खाणाऱ्यांचे ७.५. हा फरक शास्त्रज्ञांनी लक्षणीय मानला नाही. म्हणजे वजन उतरले ते कमी जेवल्याने.

गिरण्यांच्या जागी मनोरे उठले, अंगमेहनत गेली, मधुमेह आला. तेव्हा भाताची मूद लहान करा आणि आमटी दाट करा, हे मीही सांगेन. मनोऱ्यातल्या बाईसाहेबांनी भात सोडला, तर त्यांच्या ताटात पनीर येते. पण त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी बाई तेच पथ्य ऐकून घरी गेली, तर तिच्या ताटातून डाळ जाते, आणि त्या जागी आणखी एक मूठ भात वाढला जातो.