डर्टी राइस: एका मळक्या भाताची गोष्ट

मागे जो चर्रर्र आवाज येतोय ना, तो खिमा परततानाचा आहे. आजचा भाग मी नेहमीच्या खोलीत बसून नाही, घरच्या स्वयंपाकघरात उभा राहून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मध्येच कुकरची शिट्टी आली तर दचकू नका, ती शेजारच्यांची असते.

तर आज एका भाताची गोष्ट. भाताचं नाव आहे डर्टी राइस. म्हणजे मळका भात. आईला नाव सांगितलं तर ती म्हणाली, "असल्या नावाचं काही माझ्या कढईत करायचं नाही." मग मी तिला दुसरं नाव सांगितलं, राइस ड्रेसिंग. त्यावर परवानगी मिळाली. गंमत म्हणजे जिथला हा भात आहे तिथेही ही दोन्ही नावं चालतात, आणि कोण कोणतं नाव वापरतं यावरून बरंच काही कळतं.

हा भात आहे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला. मिसिसिपी नदी जिथे मेक्सिकोच्या आखाताला मिळते ना, तो दलदलीचा, गवताळ, प्रचंड दमट पट्टा. प्रकार तसा सोपा. कोंबडीची काळजी, पेटे, थोडा डुकराचा नाहीतर गाईचा खिमा, हे सगळं बारीक करून खरपूस परतायचं. त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी. मग शिजवलेला भात घालून कालवायचा. काळजीमुळे पांढरा भात तपकिरी, मातकट दिसायला लागतो, म्हणून डर्टी. आज तिथल्या कित्येक घरांत काळजी गायब झालीये आणि नुसत्या बीफच्या खिम्यावर काम भागतं. जगभर या पदार्थाला 'केजन' म्हणतात. इथेच आपली गोष्ट सुरू होते, कारण हे केजन लोक मुळात भात खाणारे नव्हतेच!

केजन हा शब्द आला 'अकेडियन'वरून. सतराव्या शतकात फ्रान्समधून काही शेतकरी कुटुंबं आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूला जाऊन वसली. त्या प्रदेशाला ते अकादी म्हणायचे. समुद्राला बांध घालून त्यांनी खारजमिनी लागवडीखाली आणल्या, गहू पिकवला, गुरं पाळली. १७१३च्या तहात तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला. राजा बदलला, पण या लोकांनी फ्रान्सविरुद्ध लढण्याची शपथ घ्यायला नकार दिला. बरीच वर्षं तसंच चाललं.

मग उजाडला ५ सप्टेंबर १७५५. ग्राँ-प्रे नावाच्या गावात पुरुषांना आणि मुलग्यांना चर्चमध्ये बोलावलं. ४१८ जण आले. दारं बंद झाली आणि कर्नल जॉन विन्स्लो याने हुकूम वाचला: तुमच्या जमिनी, घरं आणि गुरंढोरं सरकारजमा झाली आहेत, आणि तुम्हाला या प्रांतातून हलवण्यात येणार आहे. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून जास्त माणसं जहाजांत भरून इकडेतिकडे फेकली गेली. कुणी मॅसॅच्युसेट्सला, कुणी व्हर्जिनियाला, कुणी इंग्लंडच्या बंदरात, कुणी परत फ्रान्सला. कितीतरी वाटेतच गेले, काही बुडाले, काही देवीच्या साथीत.

आता दहा वर्षं पुढे या. १७६५. जोझेफ ब्रुसार्ड, टोपणनाव बोसोलेय, हा अकेडियन लढवय्या सुमारे दोनशे लोकांना घेऊन लुइझियानात पोचला. ४ एप्रिल १७६५ रोजी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोतेरीव्ह नावाच्या एका जमीनदाराशी करार केला. काय होता करार? जमीनदार प्रत्येक कुटुंबाला वासरांसकट पाच गायी आणि एक वळू देणार. सहा वर्षांनी तेवढी जनावरं परत करायची आणि जी वाढ होईल तिचा निम्मा वाटा द्यायचा. ऐकून ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे गावात अजूनही म्हातारी माणसं सांगतात, "शेळी अर्धेलीनं दिलीये." तेच. ज्यांची गुरं हुकमाने हिसकावून घेतली, त्यांना दहा वर्षांनी दुसऱ्याची गुरं निम्म्या वाट्यावर राखायला मिळाली. बोसोलेयला स्वतःला ते फार काळ बघायला मिळालं नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये साथीत तो गेला. पण केजन पाककलेतल्या बीफची मुळं शोधायची असतील तर मी या कागदापासून सुरुवात करीन.

बरं, गुरं आली. भात कुठून आला?

इथे जरा थांबून ऐका, कारण पाककृतीच्या व्हिडिओंमध्ये हा भाग कुणी सांगत नाही. अकेडियन यायच्या ४६ वर्षं आधी, १७१९ मध्ये, आफ्रिकेतून गुलाम केलेल्या माणसांना घेऊन पहिली दोन जहाजं लुइझियानात आली. या जहाजांच्या कप्तानांना निघताना लेखी सूचना होती: भाताच्या बियाण्याची तीन-चार पिंपं विकत घ्या, आणि भातशेती येणारी काही माणसंही घ्या. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी त्यांच्या १९९२च्या पुस्तकात हे मांडलंय. म्हणजे फ्रेंच वसाहतवाल्यांना नीट माहीत होतं की आपल्याला हे पीक येत नाही, आणि त्यांना येतं. पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या खोऱ्यात लोकांनी स्वतःची वेगळी भाताची जात हजारो वर्षांपूर्वी माणसाळवली होती, आशियातल्या भाताशी संबंध न येता. पुढच्या बारा वर्षांत आलेली बहुसंख्य जहाजं सेनेगल आणि गॅम्बिया नद्यांच्या मुलखातून निघालेली होती. बांध कसा घालायचा, पाणी कधी सोडायचं, साळ उखळात कशी कांडायची, हे ज्ञान त्या जहाजांतून बेड्यांमध्ये आलं.

पिंपं आणि माणसं, एकाच यादीत. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून एक चक्कर मारून आलो.

केजन लोक सुरुवातीला मक्याच्या भाकरीवर जगत. दमट हवेत गहू काही येईना. भात होता, पण जोडीला. खोलगट जागी बी फेकायचं आणि पावसाची वाट बघायची. पाऊस आला तर पीक आलं, नाहीतर नाही. याला तिथे नावच होतं प्रॉव्हिडन्स राइस, म्हणजे देवाच्या भरवशावरचा भात. कोकणातल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. खरा बदल झाला १८८०च्या दशकात. रेल्वे आली, मिडवेस्टातले गहू पिकवणारे शेतकरी यंत्रं घेऊन या गवताळ प्रदेशात उतरले, वाफेच्या पंपांनी पाणी खेळवायला लागले, आणि भात स्वस्त झाला. क्रॉली नावाचं गाव १८८७ मध्ये वसलं आणि पुढे स्वतःला अमेरिकेची भाताची राजधानी म्हणवून घ्यायला लागलं. आता केजन माणूस दोन्ही वेळा भात खाणारा म्हणून ओळखला जातो. भाकरी ते भात, हा प्रवास आपल्याही कित्येक घरांनी दोन पिढ्यांत केलाय.

आता नाव. काळजी, पेटे, आतडी हे मांस टिकत नाही. फ्रीज नव्हते तेव्हा ज्या दिवशी जनावर कापलं त्याच दिवशी ते संपवावं लागे. केजन गावांत थंडीत 'बुशरी' व्हायची, म्हणजे सगळे शेजारी जमून एक डुक्कर कापायचे आणि वाटून घ्यायचे. मळ्यांवरच्या गुलाम लोकांच्या वाट्याला तर बऱ्याचदा मालकाला नको असलेले भागच यायचे. त्यातून भाताला चव आणि रंग देणं ही दोघांचीही गरज. मग हा पदार्थ नक्की कुणाचा? मला विचाराल तर त्याला नुसतं केजन म्हणणं म्हणजे भाताचं बियाणं आणणाऱ्यांना पानावरून उठवणं आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) ज्यांनी वाचलंय त्यांना हे लगेच उमजेल. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या जेवणाबद्दल ते आहे, आणि पाककृतींच्या पुस्तकांत कोणाची चूल येते नि कोणाची येत नाही, हा प्रश्न तिथेही आहे.

अर्थात केजन लोकांनाही फार काळ मान नव्हताच. १९२१च्या राज्यघटनेनंतर लुइझियानाच्या शाळांत फक्त इंग्रजी. मुलं फ्रेंच बोलली की शिक्षा. 'केजन' ही तेव्हा जवळजवळ शिवी होती. मग १९७९ मध्ये पॉल प्रुडॉम या शेतकऱ्याच्या पोराने न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेल काढलं, १९८४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि सगळ्या अमेरिकेला केजनचं वेड लागलं. त्याचा करपवलेला रेडफिश इतका खपला की सरकारला त्या माशाच्या मासेमारीवर बंधनं आणावी लागली! आज तोच शब्द चिप्सच्या पाकिटावर असतो.

चला, खिमा झालाय. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलाचंही मांस मिळत नाही, म्हणून मी मटणाचा घेतला. पाव किलो खिमा, दीडशे ग्रॅम चिकनची काळजी अगदी बारीक चिरून. मोठ्या आचेवर परता आणि सारखं ढवळू नका. तळाला लागू दे, तपकिरी थर धरू दे, सगळी चव तिथेच आहे. मग दोन कांदे, एक ढोबळी मिरची, सेलरीचे दोन देठ, पाच-सहा लसूण पाकळ्या, मीठ, भरपूर मिरपूड, थोडं लाल तिखट. गरम मसाल्याचा मोह आवरा. वाटीभर चिकनचं पाणी ओतून तळाचा थर खरवडून सोडवा, ते आटत आलं की तीन वाट्या कालचा मोकळा भात घाला. गरम भात घातलात तर गिचका होईल, माझा पहिल्यांदा झाला होता. सेलरी नाही मिळाली तर कोथिंबिरीचे देठ चालतील, फक्त मग लुइझियानाच्या माणसाला सांगू नका.

आईने आत्ता एक घास खाल्लाय. म्हणतेय, लिंबू हवं होतं. घेतो पिळून. भेटू पुढच्या आठवड्यात.