संस्कृतच्या सरांची टीम

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड असा रणजी सामना झाला. आमच्या कळंबहून बाइकवर सहज जाऊन यावं इतक्या अंतरावर! त्या निमित्तानं सहज बघितलं, महाराष्ट्रानं रणजी करंडक किती वेळा जिंकलाय? दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर एकदाही नाही.

मग त्या दोन वर्षांत असं काय घडलं होतं?

रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. पहिली दोन वर्षं मुंबई जिंकली, मग नवानगर, हैदराबाद, बंगाल. म्हणजे एकतर मोठी शहरं, नाहीतर पदरी खेळाडू बाळगणारी संस्थानं. पुण्याच्या संघामागं ना गिरणीमालक होते, ना महाराज. त्यांचे कॅप्टन होते दिनकर बळवंत देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. जन्म १८९२ चा. म्हणजे पहिला करंडक जिंकला तेव्हा सर ४८ वर्षांचे होते. आज या वयाचा माणूस कोच असतो, नाहीतर कॉमेंटरी बॉक्समध्ये.

१९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या. पण भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. तोवर सर चाळिशीत पोचले होते. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही.

१९३९-४० च्या मोसमात सांगलीच्या विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा ठोकल्या. रणजी करंडकातलं हे पहिलं त्रिशतक. त्यातली मजा म्हणजे नागरवाला यांच्यासोबतची नवव्या विकेटची भागीदारी होती २४५ धावांची. शेपूट म्हणून ज्यांच्याकडून कुणी अपेक्षा ठेवत नाही, तिथून एवढ्या धावा! फायनलला संयुक्त प्रांताला १० विकेटनी हरवून करंडक पुण्यात आला.

पुढच्या वर्षी लोक म्हणू शकत होते, एकदा लागला मटका. समोर मुंबई आली आणि तिनं ६५० धावा उभारल्या. महाराष्ट्रानं ६७५ केल्या. त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६. पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबई बाहेर. त्याच मोसमात रंगा सोहोनींनी वेस्टर्न इंडियाविरुद्ध नाबाद २१८ केल्या, नॉर्दर्न इंडियाविरुद्ध संघानं ७९८ चा डोंगर रचला आणि फायनलला मद्रासला त्यांच्याच घरी ६ विकेटनी हरवलं. मटका दोनदा लागत नाही.

मग पुढं काय झालं? माझ्या मते उत्तर मैदानाबाहेर आहे. हजारेंना बडोदा संस्थानानं नोकरी दिली आणि ते बडोद्याकडून खेळू लागले. १९४२-४३ मध्ये बडोदा विजेता ठरला. चंदू सरवटे पुढं इंदूरच्या होळकर संघात गेले, आणि त्या संघानं चार वेळा करंडक नेला. यात कुणाला दोष देणार? क्रिकेटवर तेव्हा घर चालत नव्हतं. पगार देईल त्याच्याकडून खेळायचं. आम्ही कंपनी बदलतो तेव्हा वेगळं काय करतो? पोटापाण्यासाठी मीही गाव सोडलंच की.

देवधर मात्र खेळत राहिले. १९४४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं मारली. १९९३ मध्ये ते गेले तेव्हा वयाचंही शतक झालं होतं. त्यांच्या नावानं देवधर ट्रॉफी सुरू झाली, पण ती टीव्हीवर बघताना 'हे देवधर कोण?' असा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

त्यानंतर महाराष्ट्र तीनदा फायनलला पोचला. शेवटचा २०१३-१४ मध्ये. केदार जाधवनं त्या मोसमात १२२३ धावा केल्या, तरी कर्नाटकनं हरवलं.

ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तिसऱ्या करंडकासाठी खेळणारा पोरगा कदाचित आत्ता बारामतीच्या नेट्समध्ये घाम गाळत असेल. त्याला निदान हे ठाऊक असावं, की आपल्याकडं एकदा हे जमलं होतं, आणि ते एका कॉलेजातल्या संस्कृतच्या सरांनी जमवून आणलं होतं.