पंक्चरशी झुंजणाऱ्या टायरची कुळकथा

सायकलचा टायर तीन प्रकारे पंक्चर होतो. काचेचा किंवा गारगोटीचा धारदार तुकडा रबर कापत आत शिरतो. काटा, खिळा किंवा बारीक तार ते भोसकते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले, की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून फाटते. खराब रस्त्यांसाठी आज जे दणकट टायर मिळतात त्यांत या तिन्हींवर निरनिराळे इलाज असतात. काप सोसणारे रबर, काट्याला अडवणारा पट्टा, दगडाला न फाटणारी बाजू आणि धक्का पचवणारी रुंदी, असे हे इलाज पावणेदोनशे वर्षांत एकेक करून आले. प्रत्येकाने टायरचे आयुष्य वाढवले, पण बहुतेकांनी त्याची किंमत वजन किंवा वेगाच्या रूपाने वसूल केली.

चामड्याचे कवच

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने घेतले. सायकलचे युग तेव्हा सुरू व्हायचे होते. हे टायर घोडागाड्यांसाठी होते. गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची रीत नुकतीच सापडली होती. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी ती १८४०च्या दशकात पेटंटबद्ध केली. थॉमसनने रबर चढवलेल्या कापडाची नळी केली, तीत हवा भरली आणि तिच्यावर जाड चामड्याचे आवरण बसवले. हवा धरून ठेवायची नळीने आणि रस्त्याशी झुंजायचे चामड्याने, अशी कामाची वाटणी पहिल्याच टायरमध्ये झाली होती. या चाकांचा एक संच सुमारे १,२०० मैल चालला, अशी नोंद आहे. पण पातळ रबर महाग होते आणि सावकाश चालणाऱ्या बग्ग्यांना या सुखाची फारशी गरज नव्हती. थॉमसनचा शोध विस्मरणात गेला.

१८६०च्या दशकातल्या सायकलींना लोखंडी धावा होत्या. पुढे भरीव रबर आले. भरीव रबराला पंक्चर होत नाही, पण रस्त्यातला प्रत्येक दगड स्वाराच्या हाडांपर्यंत पोहोचतो. शिवाय चाक दर खड्याला वर उचलले जाते आणि पुढे जाण्याची शक्ती त्यात खर्च होते. उंच चाकाच्या सायकलीत हा त्रास थोडा कमी होता. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही साखळीवर चालणारी, लहान चाकांची सायकल आली, तेव्हा धक्के फारच जाणवू लागले.

१८८८ साली बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि त्याचे पेटंट घेतले. पुढच्या वर्षी विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टमध्ये या टायरवर शर्यती जिंकल्या आणि हवेच्या टायरची मागणी वाढू लागली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचा मूळ हक्क रद्द झाला, तोवर धंदा मात्र उभा राहिला होता.

निघणारा टायर

डनलॉपचा टायर रिमवर कापडाने बांधून सोल्यूशनने चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे तर तो आधी सोडवावा लागे, मग पुन्हा चिकटवून वाळेपर्यंत थांबावे लागे. त्यामुळे पंक्चर टाळण्याआधी ते लवकर काढता येण्याची सोय लोकांना हवी होती. १८९० साली इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत तार घालण्याची युक्ती काढली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या ओठाखाली अडकणारी जाड कड सुचवली. आजचा साधा टायर या दोन कल्पनांचाच वंशज आहे.

१८९१ साली फ्रान्समध्ये एदुआर आणि आंद्रे मिशलँ या बंधूंनी आपला सुटा होणारा टायर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरच्या शर्यतीत उतरवला. शार्ल तेराँ हा स्वार त्यावर सुमारे ७२ तासांत पहिला आला. वाटेत पंक्चर झाली, पण ती झटपट निघाली. पुढच्या वर्षी मिशलँ यांनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी शर्यत भरवली आणि रस्त्यावर मुद्दाम खिळे पसरवले. आपला टायर किती पटकन दुरुस्त होतो, हे त्यांना दाखवायचे होते. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आता हौशी स्वारांसाठी चार वर्षांतून एकदा होते. पुणे, नाशिक, मुंबईचे सायकलस्वारही २०० ते ६०० किलोमीटरच्या पात्रता फेऱ्या पुऱ्या करून तिकडे जातात. टायरची निवड हा त्यांच्या तयारीतला मोठा विषय असतो.

सुताचा सांगाडा

टायरचा आकार रबर धरत नाही. तो धरतो आतला कापडी सांगाडा. सुरुवातीला तो साध्या विणलेल्या कापडाचा असे. उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून जात, टायर दबला की एकमेकांवर घासत आणि अखेर एकमेकांना कापत. १८९०च्या दशकात शिकागोच्या जॉन पामर यांनी वीणच काढून टाकली. एका थरात सगळे धागे एकाच दिशेने तिरपे, वरच्या थरात उलट दिशेने तिरपे, आणि मध्ये रबराचा पातळ लेप, अशी त्यांची रचना होती. घर्षण घटले, टायर हलका फिरू लागला आणि जास्त टिकू लागला. सायकलचे टायर आजही याच रीतीने होतात. सुताची जागा विसाव्या शतकात नायलॉनने घेतली, तेव्हा ओल लागून सांगाडा कुजण्याचे दुखणेही गेले.

या धाग्यांची घनता एका इंचात किती धागे, अशी मोजतात. ६० धाग्यांच्या टायरमध्ये धागा जाड आणि त्यावर रबर जास्त. १२०च्या टायरमध्ये धागा बारीक, टायर लवचीक आणि पळायला हलका. आकडा मोठा म्हणजे टायर दणकट, असा समज चुकीचा आहे. खडीच्या रस्त्यावर बाजू न फाटण्याच्या दृष्टीने जाड धाग्याचा टायर अनेकदा सरस ठरतो.

बाहेरच्या रबराचा कायापालट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला. त्याआधीचे टायर पांढुरके किंवा करडे असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड मिसळत. बारीक काजळी मिसळली तर रबर झिजायला आणि फाटायला कितीतरी पट चिवट होते, हे इंग्लंडमध्ये लक्षात आले होते. आता तिचा वापर सर्वत्र होऊ लागला आणि टायर काळे झाले.

भारतात डनलॉपने १९३६ साली आजच्या पश्चिम बंगालमधल्या साहागंज येथे कारखाना काढला. देशी सायकलीला साजणारा २८ बाय दीड इंची टायर जाड, रुंद आणि कमी दाबाचा असे. दुधाच्या कॅन आणि धान्याची पोती घेऊन मुरमाच्या रस्त्यावर चालणे, हे त्याचे काम. त्याचा टिकाऊपणा सगळा जाडीतून आलेला होता. उरलेली कसर परात, घासणी, सोल्यूशन आणि ठिगळ घेऊन नाक्यावर बसलेला पंक्चरवाला भरून काढी.

काट्याला अडवणारा पट्टा

जाडी न वाढवता काटा अडवण्यासाठी रसायनशास्त्राला वेगळे धागे शोधावे लागले. १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्हलार हा धागा निघाला. तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा तो सुमारे पाचपट मजबूत असतो. पुढे सायकलच्या टायरमध्ये, रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या खाली, या धाग्याचा पट्टा बसू लागला. कडेतल्या तारेच्या जागीही केव्हलार आला आणि घडी घालून पिशवीत ठेवता येणारे टायर तयार झाले. व्हेक्ट्रान हा असाच दुसरा धागा. १९९७ साली ‘मार्स पाथफाइंडर’ यान ज्या हवेच्या पिशव्यांवर आदळत मंगळावर उतरले, त्या याच धाग्याच्या होत्या. जर्मनीच्या काँटिनेंटल कंपनीने शर्यतीच्या टायरमध्ये व्हेक्ट्रानचा पट्टा वापरला.

विणलेला पट्टा काच आणि गार यांच्याविरुद्ध उत्तम चालतो, कारण त्यांना धागे कापावे लागतात. सुईसारख्या काट्याला कापायची गरज नसते. तो दोन धाग्यांच्या फटीतून शिरतो. बाभळीचा लांब, सरळ काटा याचे नेहमीचे उदाहरण. ट्रकचे टायर फुटल्यावर महामार्गाच्या कडेला पडणाऱ्या बारीक पोलादी तारांचेही तसेच. सराटा म्हणजे गोखरू ही वेल तर जगभरच्या सायकलस्वारांची वैरीण आहे. तिचे फळ पाच तुकड्यांत फुटते आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात ती बाहेरून पोहोचली आणि इतकी माजली, की तिला खाणारे भुंगे १९६१ साली तिथे मुद्दाम आणून सोडले गेले.

अशा काट्यांवर दुसरा उपाय अंतराचा आहे. ट्यूब आणि रस्ता यांच्यामध्ये काट्याच्या लांबीपेक्षा जास्त जागा ठेवली तर तो आत गेला तरी पोहोचत नाही. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा थर असतो. ड्रॉइंग पिन पूर्ण रुतली तरी ट्यूबला लागत नाही. पण अरुंद मापातही असा एक टायर ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो. शर्यतीचा टायर २२० ते २५० ग्रॅमचा असतो. दणकट टायर चढावर आणि वेग घेताना जड जातो, तो या फरकामुळे.

तिसरा उपाय द्रवाचा आहे. १९९९ साली फ्रान्सच्या माविक कंपनीने डोंगरी सायकलींसाठी ट्यूबविरहित चाकांची पद्धत आणली. अशा टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रावण ओततात. छिद्र पडले की हवेच्या जोराने ते तिथे धावते, गोठते आणि भोक बुजते. काटे आणि तारांनी पडणारी लहान भोके बुजवण्यात याच्या तोडीचे काही नाही. मोठा काप मात्र त्याला बुजवता येत नाही, आणि उष्ण हवेत द्रावण काही महिन्यांत वाळत असल्याने ते पुन्हा भरावे लागते.

रुंदीचे पुनरागमन

चिमटून होणारे पंक्चर पट्ट्याने थांबत नाही. ट्यूबवर शेजारी शेजारी पडलेल्या दोन चिरांवरून ते ओळखता येते. त्यावर उपाय हवेचा, म्हणजे रुंदीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीचे टायर २० ते २३ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाले होते आणि त्यांत १०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १०० पौंड दाबाच्या) वर हवा भरत. टायर कडक तेवढा वेगवान, ही समजूत रुजली होती. उत्तर फ्रान्समधली पॅरिस–रूबे ही १८९६ पासूनची शर्यत मात्र अपवाद होती. तिथल्या दगडी फरसबंदीसाठी स्वार नेहमीच जास्त रुंद टायर घेत. पुढे प्रत्यक्ष रस्त्यावर मोजमापे झाली, तेव्हा असे दिसले की खरबरीत रस्त्यावर कडक टायर स्वाराला हादरवण्यात शक्ती वाया घालवतो. आता शर्यतीतही २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर रूढ आहेत. टायरच्या छेदाचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून २३ ऐवजी ३२ मिलिमीटरचा टायर घेतला तर छेद जवळपास दुप्पट होतो आणि कमी दाबातही रिम दगडाला भिडत नाही. रुंदी या एकाच इलाजाने आराम, पकड आणि टिकाऊपणा एकत्र वाढतात. खरबरीत रस्त्यावर तर वेगही घटत नाही.

निवड

या इतिहासातून निवडीचा क्रम निघतो. प्रथम चौकटीत आणि ब्रेकमध्ये मावेल तेवढी रुंदी घ्यावी. खराब डांबरी रस्त्याला २८ मिलिमीटर किमान, ३२ उत्तम, आणि मुरूम-खडीला ३५च्या पुढे. मग शत्रू ओळखावा. शहरात काच जास्त, तिथे केव्हलार किंवा तत्सम पट्ट्याचा २५० ते ४०० ग्रॅमचा टायर पुरतो. बाभळी आणि सराट्याच्या मुलखात जाड थराचा टायर किंवा ट्यूबविरहित टायर आणि द्रावण हवे. रस्त्याच्या कडेला धारदार खडी असेल, तर पट्टा केवळ मधोमध न राहता बाजूंवरही संरक्षक कापड आहे ना, हे पाहावे. डांबरावर नक्षीचा उपयोग जवळजवळ नसतो. सायकलचा टायर अरुंद आणि दाब जास्त असल्याने तो पाण्यावर तरंगत नाही. नक्षी मऊ मातीसाठी असते.

माप आंतरराष्ट्रीय पद्धतीने वाचावे. ३२-६२२ म्हणजे रुंदी ३२ मिलिमीटर आणि रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२. जुन्या देशी सायकलीचा व्यास ६३५ असतो. दोन्हींना बोलताना ‘२८ इंची’ म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. दाब टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतका भरू नये. ७० किलोच्या स्वाराला ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ५५ ते ६५ पीएसआय पुरतात, मागच्या चाकात थोडे जास्त.

काच बहुधा पहिल्याच फेऱ्यात आरपार जात नाही. ती रबरात रुतते आणि चाकाच्या हजारो फेऱ्यांत आत सरकते. त्यामुळे फेरीनंतर टायर तपासून रुतलेले कण काढले, तर पट्ट्यापर्यंत बरेचसे पोहोचतच नाहीत. मागच्या टायरवर भार जास्त असल्याने तो आधी झिजतो. मध्यभाग सपाट झाला, काही टायरवर असलेले झिजेचे खळगे नाहीसे झाले, रबराखालचा पट्टा किंवा धागे दिसू लागले, किंवा बाजूला फुगवटा आला, की टायर बदलावा.