ग्लुको, ग्लुकोज आणि आईचा गोडा मसाला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाची वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझी आई साताऱ्यात गोडा मसाला आणि भाजणी करून विकते. चारेक वर्षं झाली. मागच्या दिवाळीआधी तिच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "वहिनी, या खेपेला मसाला कडवट लागतोय. खोबरं जास्त भाजलं गेलं का?" आईने पाकिटाचा फोटो मागवला. पिवळं पाकीट, मधोमध पितळेचा डबा, वर 'घरचा गोडा मसाला'. सगळं आईच्या पाकिटासारखंच, फक्त खालचा पत्ता दुसऱ्याचा. माल त्याचा आणि बोलणी आईला!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. नवीन प्रोजेक्ट म्हटलं की आधी डोमेन घेऊन ठेवायचं, ही आमची सवय. तसंच त्या रात्री मी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर टीएम-ए फॉर्म भरला, 4500 रुपये भरले आणि आईला सांगितलं, "झालं, आता नाव आपलं." काही आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आला. त्यात कलम 9 खाली आक्षेप होता. 'घरचा गोडा मसाला' हे नाव मालाचं नुसतं वर्णन करतं, ते कोणा एकाला कसं द्यायचं?

मला राग आला. आईची चार वर्षांची मेहनत आणि हे म्हणतात वर्णन! मग मुळापासून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता एका बिस्किटाच्या पुड्यापाशी येऊन थांबलो.

थोडं मागून सुरू करतो. ब्रिटनमध्ये 1875 साली ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1876 ला तिथल्या नोंदवहीत पहिली खूण चढली. बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण. नाव वाचता येवो न येवो, त्रिकोण दिसला की गिऱ्हाईक ओळखणार. आपल्याकडेही हे नवीन नव्हतं. आपण अजूनही 'अमुक छाप' म्हणतोच ना? अक्षरओळख नसलेला माणूससुद्धा चित्र सांगून माल मागायचा.

पण छाप असणं वेगळं आणि ती कायद्याने आपली असणं वेगळं. भारतात 1889 साली मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला, पण खूण नोंदवायची सोय त्यात नव्हती. व्यापारी मग दस्त नोंदणीच्या कायद्याचा आधार घेऊन 'ही खूण माझी' असं घोषणापत्र नोंदवून ठेवायचे. तोडगाच म्हणायचा तो. नोंदणीची रीतसर व्यवस्था आली ती 1940 च्या ट्रेड मार्क्स कायद्याने. मग 1958 चा कायदा आला. आत्ता चालतो तो 1999 चा, 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झालेला. या रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच आहे, अँटॉप हिलजवळच्या बौद्धिक संपदा भवनात.

आता बिस्किटाकडे येऊ. 1929 साली विलेपार्ल्यात एक कारखाना सुरू झाला आणि त्याने गावाचंच नाव घेतलं, पार्ले. त्यांचं 'पार्लेज ग्लुको' बिस्किट घराघरांत पोचलं. 'ग्लुको' हा शब्द त्यांनी नोंदवला होता. पण नुसत्या शब्दावर ते थांबले नाहीत. त्यांनी पुड्याचं अख्खं वेष्टन, रंगसंगती आणि मांडणीसकट, 1940 च्या कायद्याखाली नोंदवलं. फिकट पिवळसर कागद, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे शेतघर आणि झाडं.

1961 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की म्हैसूरकडची एक कंपनी जवळपास तशाच वेष्टनात 'ग्लुकोज बिस्किट' विकतेय. कोर्टात त्या कंपनीचं म्हणणं असं, की आमची मुलगी वेगळी आहे हो! तिच्या डोक्यावर गवताचा भारा आहे, हातात विळा आणि शिदोरी आहे. आमच्या गाई वेगळ्या, कोंबड्याही वेगळ्या. खालच्या कोर्टाला हे पटलं. हायकोर्टालाही पटलं. पार्ले दोन्हीकडे हरलं.

खरं सांगू? मीसुद्धा त्या कंपनीच्याच बाजूने निकाल दिला असता. आम्ही प्रोग्रॅमर लोक दोन गोष्टी सारख्या आहेत का हे अक्षराला अक्षर लावून बघतो. बादली आणि भारा जुळत नाहीत? मग सारखं नाही. विषय संपला.

1972 साली सुप्रीम कोर्टाने हा हिशेबच उलटा केला. दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका, असं कोर्टाने सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक तसं करत नाही. त्याने एक पुडा आज पाहिलेला असतो आणि दुसरा पुढे कधीतरी समोर येतो. तेव्हा त्याच्या डोक्यात काय उरलेलं असतं? तेवढ्याच आकाराचा पुडा, तसाच रंग, एक हात वर केलेली मुलगी, गाय, कोंबड्या, मागे कुंपण आणि घर, आणि वर ठळक 'ग्लुको'. सामान्य गिऱ्हाईक काही शेरलॉक होम्स नसतं, अशा अर्थाचं वाक्यही त्या निकालात आहे. पार्ले जिंकलं.

हाच विचार सुप्रीम कोर्टाने आधीही मांडला होता, आणि गंमत म्हणजे तेव्हाही ग्लुकोजच होतं. 'ग्लुकोविटा' हे ग्लुकोज पावडरचं नोंदलेलं नाव. एका बिस्किटवाल्याने 'ग्लुविटा' मागितलं. प्रकरण मुंबई हायकोर्टातून वर गेलं आणि 1959 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही मिळणार. एक पावडर, दुसरं बिस्किट, तरी नाही. कारण गिऱ्हाईकाची आठवण अर्धवट असते, आणि ग्लुकोजचा बिस्किटाशी संबंध त्याला सहज वाटू शकतो.

इथे मला आईच्या त्या गिऱ्हाईक बाई आठवल्या. आपल्याला वाटतं ट्रेडमार्क म्हणजे शब्दाची मालकी, प्लॉटच्या सातबाऱ्यासारखी. तसं नाहीये. कायदा जपतो ती त्या बाईंच्या डोक्यातली अर्धीमुर्धी आठवण. पिवळं पाकीट, पितळेचा डबा, 'वहिनींचा मसाला'. तिचा गैरफायदा कोणी घेऊ नये, एवढंच.

आणि मग आक्षेपही कळला. 'घरचा गोडा मसाला' ऐकून कोणाला आईच का आठवावी? घरोघरी गोडा मसाला होतो. पार्लेची गोष्टही पुढे तिकडेच गेली. बाजारात जो तो 'ग्लुकोज बिस्किट' विकू लागला आणि दुकानदार हाताला येईल तो पुडा द्यायला लागला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने नाव केलं 'पार्ले-जी'. ग्लुकोजचं एक अक्षर उरलं, आणि पुढे आलं ते नाव ज्यावरून बिस्किट कोणाचं ते कळतं. कोर्टात जिंकलेली कंपनीसुद्धा शेवटी वर्णनापासून लांब गेली.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण नाव बदललं तर माझी माणसं मला ओळखणार कशी?" प्रश्न रास्त होता. वर्णनाचं नावसुद्धा दीर्घ वापराने आपल्याशीच जोडलं गेलंय असं सिद्ध केलं तर मिळू शकतं, पण त्यासाठी वर्षानुवर्षांची बिलं आणि जाहिराती हव्यात. आईचा अर्धा हिशेब वहीत आणि अर्धा तोंडी.

म्हणून आम्ही पार्लेच्या पहिल्या वाटेने गेलो. आजीचं माहेरचं नाव घेतलं, ज्याचा मसाल्याशी काही संबंध नाही. रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकट शोध घेता येतो, उच्चारावरूनसुद्धा. तो आधी घेतला, जो मी पहिल्यांदा घेतलाच नव्हता. मग दोन अर्ज केले. एक नुसत्या नावाचा आणि दुसरा अख्ख्या लेबलचा, पिवळ्या रंगासकट, डब्यासकट. दोन्ही वर्ग 30 मध्ये. मसालेही त्यातच आणि बिस्किटंही त्यातच!

आता वाट बघतोय. तपासणीत आक्षेप आला तर 30 दिवसांत उत्तर द्यायचं. मंजूर झालं की ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, आणि त्यानंतर चार महिने कोणीही विरोध करू शकतं. नोंद झाली की ती अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं, पुढे नूतनीकरण. तोवर पाकिटावर 'टीएम' लिहायचं. वर्तुळातला 'आर' नोंदणीआधी छापणं हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. आणि नोंदणी नसली तरी सगळं संपत नाही. आधीपासून वापर असेल तर नकलेविरुद्ध दावा करता येतो, पण पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. म्हणून आईला पहिलं काम लावलंय ते बिलबुकाचं. प्रत्येक पाकिटाचं बिल, तारखेसकट.

त्या बाईंना आईने नवीन पाकीट पाठवलं. बरोबर चिठ्ठी, "नाव बदललंय, डबा तोच आहे." परवा त्यांचा फोन आला. नवीन नाव त्यांना काही आठवेना. म्हणाल्या, "ते पिवळं, डब्याचं, अर्धा किलो द्या."

चला, या भागात एवढंच. घरातलं एखादं पाकीट हातात घेऊन बघा, त्यावर 'टीएम' आहे की 'आर', आणि नाव न वाचता तुम्ही ते कशावरून ओळखता. मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!